ओट्यावरचे सात ग्लास

मागच्या वर्षी, २०२५ च्या गटारीच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, माझ्या लालबागच्या घरी भाच्याने ओट्यावर सात ग्लास ओळीने मांडले. काचेचे, पोटात फुगलेले आणि तोंडाशी आवळलेले, बॅगेतून पेपरात गुंडाळून आणलेले. प्रत्येकात पंधरा मिली, मापाने. ग्लासाखाली चिठ्ठी, १ ते ७. बाटल्या बाथरूममध्ये बादलीमागे, मला लेबल दिसू नये म्हणून. बाहेर पाऊस असा लागलेला की समोरच्या टॉवरचे मजले मोजता येत नव्हते, खिडकी घट्ट लावून घेतलेली, त्यामुळे दहा मिनिटांत अख्ख्या किचनला वास लागला.

"मामा, तू कायम म्हणतोस ना रमच्या खाली सगळं. आज न बघता लाव नंबर."

भाचा लोअर परळला एका बारमध्ये बारटेंडर आहे. मिलच्या कंपाउंडमधला बार, आणि तिथून दोन कंपाउंड सोडून आमचे बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, होते, १८ जानेवारी १९८२ ला संप लागला तेव्हा बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. आता नातू रोज संध्याकाळी चार वाजता त्याच रस्त्याने कामाला जातो, त्याला मंगळवारी सुट्टी असते. हॉटेल मॅनेजमेंट केलं तेव्हा ताईला वाटलं पोरगा शेफ होईल. तो बारच्या मागे उभा राहिला तेव्हा ती त्याच्याशी पंधरा दिवस बोलली नाही, आणि बोलायला लागली तरी त्याच्या कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. आजपर्यंत. तो घरी आला की "जेवलास का" एवढंच.

ताईचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. भावोजी २०१० ला गेले, दारूनेच. प्रेसमध्ये कामाला होते, प्रेस बंद पडली, आधी रात्रीची एक क्वार्टर होती ती सकाळपासून सुरू झाली, आणि शेवटची दोन वर्षं खिशात क्वार्टरचेही पैसे उरेनात तेव्हा कोपऱ्यावरच्या 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' या पाटीखाली उभं राहून 'संत्रा' देशी. लिव्हर गेलं. दर पंधरा दिवसांनी पोटातलं पाणी काढायला न्यायचो आम्ही, मी आणि ताई, टॅक्सीने, आणि येताना ते खिडकीतून बाहेर बघत गप्प बसलेले असायचे. भाचा तेव्हा अकरा वर्षांचा.

मग जून २०१५. मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. भाचा तेव्हा दहावीत नुकताच गेलेला, केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला मामा, दारू पिऊन माणूस वर्षानुवर्षांनी मरतो ना, पप्पांसारखा, मग हे दोन दिवसांत कसे मेले? मलाही नीट माहीत नव्हतं, आम्ही दोघांनी मिळून शोधलं. त्या दारूत मिथेनॉल होतं. आपण पितो ते इथेनॉल, हा त्याचा भाऊ, दिसायला सारखा, वासाला जवळपास सारखा. पण पोटात गेल्यावर शरीर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसांवर जातं, म्हणून माणसं आंधळी होतात आणि मग जातात. आणि त्यावर जे उतारे आहेत त्यातला एक म्हणजे इथेनॉलच, म्हणजे साधी दारू, कारण शरीर आधी इथेनॉलवर काम करायला बसतं आणि तेवढ्यात मिथेनॉलला बाहेर काढता येतं. हे वाचून तो पोरगा किती वेळ गप्प बसला होता. मला वाटतं त्याचं डोकं तिथेच या विषयात अडकलं. लोकांना वाटतं बारटेंडर झाला म्हणजे मजेसाठी, शायनिंगसाठी, पण मला माहितीय, तो त्या दिवसापासून बाटलीत नक्की काय असतं तेच शोधतोय.

तो स्वतः पीत नाही. चाखतो आणि थुंकतो. ओट्यावर सात ग्लासांच्या शेवटी त्याने त्यासाठी एक स्टीलचं पातेलं ठेवलं होतं, माझ्यासाठीही. "गिळायचं नाही मामा, गिळलंस की तिसऱ्या ग्लासानंतर तुला काही कळणार नाही." नाक ग्लासात खुपसायचं नाही, तोंड थोडं उघडं ठेवून लांबून वास घ्यायचा, नाहीतर स्पिरिटने नाक बधिर होतं. मग चार थेंब पाणी. मग परत वास. मग एवढासा घोट, जिभेच्या कडांना लावून, आणि पातेल्यात.

मी पंचवीस वर्षं बसतोय, म्हणजे मित्रांबरोबर महिन्यातून एकदा-दोनदा, पण असं एकदाही केलेलं नव्हतं. आणि भावोजींना आठवून बघितलं तर त्यांनी तर आयुष्यात एकदाही दारू चाखली नसणार. ते ग्लास तोंडाला लावायचे, डोळे मिटायचे, एका दमात आत, मग तोंड वाकडं, मग मीठ. ज्या गोष्टीने त्यांना नेलं तिची चव त्यांना माहीतच नव्हती. चव लागू नये म्हणूनच तर ते तसं प्यायचे. त्यांचा मुलगा मात्र एका चमच्याभर दारूसमोर पाच मिनिटं उभा राहतो. म्हणून मला ही नंबर लावायची गोष्ट फालतू वाटत नाही, ज्याला नंबर लावायचा आहे त्याला आधी थांबावं लागतं.

तशी आपल्याकडे दारूची उतरंड ठरलेलीच आहे, आणि ती चवीची नाही, खिशाची. सगळ्यात खाली हातभट्टी, मग देशी, मग रम, मग क्वार्टरची व्हिस्की, मग जरा बऱ्या डब्यातली व्हिस्की, मग कुणीतरी ड्युटी फ्रीमधून आणलेली स्कॉच, तिला शोकेसमध्ये जागा. परमिट रूममध्ये वेटरसुद्धा ऑर्डरवरून माणूस ओळखतो. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्याचा कर वाढवला तेव्हा तर ही उतरंड कागदावरच आली, १८० मिलीला देशी किमान ८० रुपये, धान्यापासून केलेली 'महाराष्ट्र मेड लिकर' म्हणून नवीन जात काढली ती १४८, आणि इथे बनलेली विदेशी २०५. आत मात्र सगळ्यांच्या तेच. आपल्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, आणि खाली २५ यूपी, म्हणजे अंडर प्रूफ, ती इंग्रजांच्या जुन्या मापाची खूण. साठ मिलीचा लार्ज म्हणजे साधारण वीस ग्रॅम निव्वळ अल्कोहोल, मग ते रमचं असो की जिनचं. "व्होडका लिव्हरला हलकी", "व्हिस्की गरम पडते", "मी फक्त बिअर घेतो", हे सगळं आपण एकमेकांना सांगत असतो, पण आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे दोन लार्ज पेग झाले की. हिशेब करून बघा. लिव्हर लेबल वाचत नाही.

तर एक नंबर. पांढरी, वासाला जवळजवळ काही नाही, जिभेवर थंड मग गरम, संपली. व्होडका हे लगेच कळलं. मी म्हटलं हिला शेवटचा नंबर, ही कशापासून झाली हे ती सांगतच नाही. गहू, राय, बटाटा, कशाचीही करा आणि गाळत बसा, गाळून गाळून मुळाचं काही शिल्लक ठेवायचं नाही हीच तिची तारीफ. रशियन भाषेत 'वोदा' म्हणजे पाणी, त्यावरून नाव, म्हणजे पाणीबाई. भाचा म्हणाला, काहीही न लागणं हे करायला अवघड आहे मामा, आमच्याकडे पाहुण्याला ज्या दिवशी दुसऱ्याच कशाची चव हवी असते त्या दिवशी हीच लागते. असेल. मला तिच्याबद्दल बोलायला यापेक्षा जास्त सुचत नाही.

दोन नंबरला वास घेतला आणि मी म्हटलं मसाला. अख्खा मसाला. आमच्या गल्लीचा मे महिना. ज्यांना लालबाग माहीत नाही त्यांना सांगतो, मे महिन्यात इथे अख्खी मुंबई मिरच्या घेऊन येते, भाजलेल्या मिरचीचा ठसका, डंखावर, म्हणजे कांडपयंत्रावर, कुटलेल्या मसाल्याची धूळ हवेत, रस्त्याने चालताना लोक शिंकत असतात. या ग्लासात ती गल्ली होती, पण मिरची काढून घेतलेली, आणि वर पाऊस पडून गेलेला. "जिन," भाचा म्हणाला, "गोव्यात बनलेली. यात काय काय आहे ते ओळख." ज्युनिपर नावाचं फळ असतं एवढं मला माहीत होतं, त्याच्याशिवाय जिनला जिन म्हणतच नाहीत, आपल्या आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात, हिमालयात होतं. पण बाकीचं मला वेगळं काढता येईना. मसाला एकत्र कुटला की तसंच होतं. तो म्हणाला राहू दे, नंतर.

जिनची मला एक गोष्ट आवडते, ती या देशात औषधाच्या हाताला धरून आली. हिवतापावर क्विनाइन, सिंकोना झाडाच्या सालीचं, कडू जहर, ते साहेब लोकांना प्यायचं तर होतं आणि पिववत नव्हतं, म्हणून सोडा, साखर, लिंबू आणि त्यात जिन. आजही टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं, चिमूटभर, कडवटपणापुरतं, त्याने मलेरिया बरा होत नाही हे पावसाळ्यातल्या मुंबईकराला सांगायला नको.

तशीच दुसरी औषधी म्हणजे ब्रँडी. ती भाच्याने मुद्दाम आणली नव्हती, म्हणाला आमच्याकडे कुणी मागतच नाही. वाईट वाटलं मला. खरी ब्रँडी म्हणजे द्राक्षाची वाइन भट्टीत गाळून केलेली. आमच्या चाळीत मात्र कुणाला ती वाइनची मुलगी आहे हे माहीत नव्हतं, सर्दी झाली की आजी कपाटातून कापडात गुंडाळलेली बाटली काढायची, माळकरी बाई, पण ब्रँडीला तिच्या लेखी दारू म्हणून मोजतच नव्हते, लहान पोरांच्या छातीला चोळायची आणि चमचाभर दुधातून द्यायची. त्याने ऊब येते असं वाटतं फक्त, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब उलट बाहेर जाते, त्यामुळे पोरांना देऊच नये. पण जेव्हा मुंबईत दारूबंदी होती आणि १९४९ च्या कायद्याने प्यायला परवाना लागायचा, तेव्हा आजारपणाच्या नावाखालीच कितीतरी घरांत बाटली शिरली. तो कायदा आजही आहे. परमिट रूम हे नाव त्याचंच, आणि २५ च्या आतल्या पोराला हार्ड ड्रिंक चालत नाही हा आपल्या राज्याचा नियमही अनेकांना माहीत नसतो.

तीन नंबर. हिरवा वास, भाजलेल्या रताळ्यासारखा आणि मागून मिरी. टकीला, पण मी आत्तापर्यंत जी टकीला प्यायलो ती लग्नाच्या पार्टीत, मीठ चाट, गटकन मार, लिंबू चोख, वरून सगळे ओरडतायत. भाच्याला त्या प्रकाराचा मनापासून राग आहे. तो म्हणाला, मामा, तू गावाला जाताना बांधावर घायपात बघतोस ना, तलवारीसारख्या पानांची? तिचीच मेक्सिकोतली निळसर बहीण. ती सहा-सात वर्षं, कधी जास्तही, शेतात नुसती वाढते, फळ नाही फूल नाही, मग माणूस धारदार पात्याने पानं छाटत छाटत आतला गड्डा काढतो, भल्यामोठ्या अननसासारखा, तो भाजायचा, कारण भाजल्याशिवाय त्यातली साखर सुटत नाही, मग पिळायचा. कायद्याने ५१ टक्के साखर घायपातीची असली तरी टकीला म्हणता येतं, बाकी उसाची वगैरे चालते, ती आपण पार्टीत मारतो. बाटलीवर १०० टक्के अगावे लिहिलेलं असेल तर मीठ-लिंबाला हात लावायचा नाही. सात वर्षं वाट बघून जे मिळालं ते एका सेकंदात आत टाकायचं, हे त्याला सहनच होत नाही. तो हे सांगत होता आणि मला भावोजींचा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा दिसत होता, मी काही बोललो नाही.

चार नंबर. सोनेरी. वास घेतला, पाणी टाकलं, परत वास घेतला. गोड, थोडी व्हॅनिला, आणि मागे साखर कारखान्याच्या बाजूने एसटी जाते तेव्हा जो वास येतो ना, जड, आंबूस, तो, अगदी पुसट. मी म्हटलं ही रमच आहे, हलकी केलेली.

भाचा बाथरूममध्ये गेला आणि बाटली घेऊन आला. व्हिस्की. दर नाक्यावर मिळणारी, नाव सांगत नाही. मग त्याने समजावलं. स्कॉटलंडमध्ये व्हिस्की म्हणजे धान्यच, आणि ओकच्या पिंपात कमीत कमी तीन वर्षं, त्याआधी तिला ते नाव लावता येत नाही. अमेरिकेतली बर्बन म्हणजे निदान ५१ टक्के मका आणि आतून जाळलेली कोरी पिंपं. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बराचसा भाग हा मळीपासून केलेलं स्पिरिट असतो, म्हणजे उसाची साखर काढून झाल्यावर खाली उरतं ते काळं, दाट. त्यात थोडं माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचं, स्पिरिट, थोडा रंग. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत. "म्हणजे तू चुकला नाहीस," तो म्हणाला, "आईबाप रमचेच आहेत."

मला ते ऐकून एकदम भरून आलं, का ते सांगतो. आपल्या प्रवरानगरला १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ, शाळेत आपण सगळे शिकलो. त्यानंतर ऊस महाराष्ट्रभर गेला, आणि कारखान्यांच्या शेजारी डिस्टिलऱ्या आल्या, मळी टाकून कशाला द्यायची म्हणून. देशी ती मळीची, रम ती मळीची, क्वार्टरची व्हिस्की तीसुद्धा निम्मी-अर्धी मळीची. आणि आपण त्यांच्यात वरच्या-खालच्या जाती लावून बसलो. भावोजी व्हिस्कीवरून देशीवर आले तेव्हा चाळीत लोक म्हणाले, आता हा खाली घसरला. घसरले होते ते खरंच, पण बाटलीतल्या मालामुळे नाही.

पाच नंबर सिंगल माल्ट होती, म्हणजे एकाच डिस्टिलरीत नुसत्या माल्टची केलेली, बंगळुरूची. इथे मी खूप वेळ थांबलो. आधी मध, मग सुकं अंजीर, मग लाकूड, आणि गिळली नाही तरी पाच मिनिटं तोंडात राहिली. भाच्याने यात सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात आवडली. पिंपातली दारू लाकडातून हळूहळू उडून जाते, स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के, त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूच्या हवेत तोच वाटा दहा-बारा टक्के. म्हणजे चार-पाच वर्षांत तिसरा हिस्सा, कधी जास्तही, हवेत. पण तेवढ्यात ती लाकडातून जे ओढून घेते ते थंड देशात घ्यायला कितीतरी जास्त वर्षं लागतात. अमृत या बंगळुरूच्या कंपनीने २००४ ला आपली सिंगल माल्ट आधी कुठे नेली तर थेट ग्लासगोला, त्यांच्या अंगणात. बाटलीवर वय लिहिलेलं बघून आपण मान देतो ना, बारा वर्षं, अठरा वर्षं, ते त्यांच्या थंडीचं वय आहे, आपल्या उन्हात ते मोजमाप चालत नाही.

सहा नंबर. याला वास घ्यायची गरजच नव्हती पण घेतला. काळी मनुका, जायफळ, करपलेली साखर.

आमचे फौजी मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, सुट्टीवर आले की ट्रंकेत वरती घोंगडी, खाली कॅन्टीनची रम. चाळीत बातमी जायची, मिल्ट्रीची आली. मामा एकटे कधी पीत नव्हते आणि कुणाला दुसरा पेग भरत नव्हते. जर्मनच्या टोपात पाणी उकळायचं, त्यात दोन लवंगा आणि आल्याचा ठेचलेला तुकडा, झाकण ठेवायचं, मग जाड काचेच्या ग्लासात बोटभर रम आणि वरून ते पाणी. वाफ वर यायची, ते दोन्ही हातांनी ग्लास धरायचे, आधी नुसती वाफ घ्यायचे, आणि मग बर्फातल्या चौकीवर रात्री रम वाटायचे त्याची गोष्ट सुरू. ग्लास संपायला एक तास. मी आठ-दहा वर्षांचा, त्यांच्या मांडीला टेकून तो वास घेत झोपायचो. ओल्ड मंक १९५४ पासून आहे, जाहिरातीवाचून खपली, कारण असल्या मांड्या घरोघरी होत्या. सहा नंबरला मी पहिला नंबर दिला, आणि भाच्याने "तुझं नाक नाही मामा, तुझं बालपण नंबर लावतंय" म्हटलं तरी बदलला नाही. चवीत आठवण असतेच, ती गाळून काढली तर खाली व्होडका उरेल.

सात नंबरची बाटली लपवून उपयोग नव्हता, ती त्याने उघडली तेव्हाच मला दारापर्यंत कळलं. काजूची फेणी. वासाला उग्र, लोक नाक धरतात, पण जो बोंडांच्या ढिगात वाढलाय त्याला विचारा. आमचं गाव कुडाळकडे. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली लाल-पिवळा सडा, आम्ही बी पिरगाळून घ्यायचो आणि बोंडं तिथेच कुजायची. पलीकडे गोव्यात तीच बोंडं तुडवतात, रस आंबवतात, पहिल्या वेळी गाळली की हुर्राक, हलकी, उन्हाळ्यापुरती, आणि परत गाळली की फेणी. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, पण फेणी इथल्या हातांनी केली, २००९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. एका हद्दीच्या अलीकडे खत आणि पलीकडे वारसा, हे मला दर उन्हाळ्यात खुपतं. गावात राखण देतात तेव्हा राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, कोंबडा, विडी आणि बाटली असते. एका वर्षी मुंबईहून गेलेल्या चुलतभावाने कौतुकाने महागाची स्कॉच पुढे ठेवली, तर गाऱ्हाणं घालणारे आजोबा म्हणाले, "ठेय थंय, पण आदी आपली वोत, तेका ह्या वासान वळाख पटाची नाय." फेणीला मी दुसरा नंबर दिला.

एक ग्लास कमी होता, मोहाचा. तो मुंबईत आणणार कुठून. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या (कुलाबा म्हणजे आताचा रायगड) जंगलातल्या लोकांची ती स्वतःची दारू होती, इंग्रजांनी १८९२ ला मोहाच्या फुलांवरच कायदा आणला, नुसती फुलं घरात ठेवणं गुन्हा. मोहाच्या भट्ट्या एकेकाळी उरणला पारशांच्याही होत्या. भाचा म्हणतो कधीतरी पालघरच्या बाजूला जाऊन चाखून येणार.

मग आम्ही नंबर लिहायला बसलो. माझे असे: रम, फेणी, सिंगल माल्ट, जिन, टकीला, चार नंबरची व्हिस्की, व्होडका. त्याचे: जिन, टकीला, सिंगल माल्ट, फेणी, रम, व्होडका. सहाच झाले. चार नंबरसमोर त्याने वहीत काहीच लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही. भावोजी देशीवर येण्याआधी कुठली क्वार्टर आणायचे ते मला माहीत होतं, बाटली बाथरूममधून बाहेर आली तेव्हाच मी ओळखली होती, आणि त्यालाही माहीत असणार, अकरा वर्षांच्या पोराला कपाटावरच्या बाटलीचं लेबल पाठ असतं.

तेवढ्यात बेल वाजली. ताई. हातात वड्यांच्या पिठाचा डबा, गटारीच्या कोंबडी-वड्यांसाठी, दरवर्षी आणून देते. छत्री दारात ठेवली आणि सरळ किचनमध्ये आली. ओट्यावरचे ग्लास बघून थांबली. भाचा पातेलं उचलायला लागला, ती म्हणाली, "रव दे."

तिने पदराला हात पुसले आणि एक नंबरपासून सुरुवात केली. आयुष्यात थेंब न घेतलेली बाई, एकेक ग्लास उचलायची, नाकापासून लांब धरायची, बरोब्बर तेवढंच लांब, आणि खाली ठेवायची. चार नंबर उचलला. नाकापर्यंत नेलाही नाही.

"ही," ती म्हणाली.

कुणी बोललं नाही. तिने तो ग्लास बेसिनमध्ये उपडा केला, नळ सोडला, विम लावून घासला, आतून बोट फिरवून, परत धुतला आणि पालथा घातला. मग उरलेले तीन हुंगले. आणि परत मागे येऊन दोन नंबरचा उचलला.

"ह्यात धणे आसत काय रे?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. "आहेत आई. ज्युनिपरच्या खालोखाल धणेच असतात."

"आणि जायपत्री. थोडी. आणि संत्र्याची साल, सुकी." तिने परत वास घेतला. "अजून कायतरी गोड आसा, ज्येष्ठमध?"

"ज्येष्ठमध," तो म्हणाला, आणि बाटली आणायला बाथरूमकडे पळाला. ताईने पिठाचा डबा बाजूला सरकवला, स्टूल ओढलं आणि ओट्याशी बसली.